अमेरिकेतले उजवे, त्यांची युद्धं आणि ‘पक्षपाती’ माध्यमं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक असो वा युद्ध, मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज हमखास फिरतात. एकात तिकडचे उजवे म्हणजे निव्वळ युद्धखोर असतात, दुसऱ्यात तिकडचा सगळा मीडिया डाव्यांना विकला गेलेला असतो. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी विचारलेले, पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत, आणि ती जिथे आहेत तिथे उघड दिसतील.

कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे हे उजवे, म्हणजे रिपब्लिकन पक्षच ना?

आज जवळजवळ हो. पन्नासच्या दशकात मात्र दोन्ही पक्षांत दोन्ही विचारांची माणसं होती; दक्षिणेकडचे कट्टर परंपरावादी तर डेमोक्रॅट होते. १९५५ मध्ये विल्यम एफ. बकली यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं आणि तीन वेगळ्या मंडळींची मोट बांधली: सरकारने बाजारात लुडबुड करू नये म्हणणारे, धर्म आणि कुटुंबसंस्था जपू पाहणारे, आणि सोव्हिएत कम्युनिझमशी दोन हात करायला निघालेले. एरवी या तिघांचं एकमेकांशी जमलं असतं असं नाही, पण शत्रू समान होता. १९९१ मध्ये तो शत्रूच उरला नाही आणि मोट सुटायला लागली. ट्रम्प आले तेव्हा ती बरीच सुटलेली होती, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही समजायला सोपं जातं.

माध्यमांवरचा हा राग ट्रम्प यांनी पेटवला का?

नाही, तो त्यांना आयता मिळाला. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, बॅरी गोल्डवॉटर यांना अध्यक्षपदाची उमेदवारी द्यायची होती. व्यासपीठावर माजी अध्यक्ष आयझेनहॉवर बोलत होते. मवाळ, आजोबांसारखा माणूस. भाषणात त्यांनी सनसनाटीच्या मागे लागलेल्या स्तंभलेखकांना आणि भाष्यकारांना एक टोला मारला, आणि सभागृह पेटलं. प्रतिनिधी उठून उभे राहिले आणि पत्रकार बसले होते त्या दिशेने मुठी नाचवू लागले. आयझेनहॉवर यांनाही एवढ्या प्रतिसादाची अपेक्षा नसावी.

या रागाला नीट शब्द मिळाले ते पाच वर्षांनी. ३ नोव्हेंबर १९६९ ला अध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनामवर टीव्हीवरून भाषण केलं आणि ‘मूक बहुसंख्याकां’ना साद घातली. भाषण संपतंय न संपतंय तोच वाहिन्यांवरचे भाष्यकार त्याची चिरफाड करायला बसले. दहा दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, उपाध्यक्ष स्पिरो अ‍ॅग्न्यू यांनी आयोवातल्या डे मॉइन शहरात उत्तर दिलं. मुद्दा साधा आणि टोकदार होता: देशाने काय पाहायचं हे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये राहणारी, एकमेकांचंच वाचणारी, कुणीही निवडून न दिलेली मूठभर माणसं ठरवतात. तेव्हा एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीनच राष्ट्रीय वाहिन्या होत्या. गंमत म्हणजे तिघींनीही हे भाषण थेट दाखवलं.

भाषण लिहिणाऱ्याचं नाव होतं पॅट ब्युकॅनन. ते लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे. अ‍ॅग्न्यू यांचं पुढे काय झालं? १९७३ मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यात त्यांनी आरोपाला आव्हान द्यायचं नाही असं ठरवलं आणि पद सोडलं. पण त्या भाषणातला मुद्दा माणसापेक्षा दणकट निघाला. उजव्यांच्या माध्यमटीकेत आजही तोच मुद्दा फिरतो.

व्हिएतनामचं युद्ध पत्रकारांनी हरवलं, असं उजवे म्हणतात. खरं आहे का?

अर्ध्याहून कमी. युक्तिवाद असा: जानेवारी १९६८ च्या अखेरीस, ‘टेट’ या नववर्षाच्या सणाला, उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग (दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर) यांनी दक्षिणेतल्या शंभराहून जास्त शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ला चढवला. दक्षिणेची राजधानी सायगॉनमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारातही लढाई झाली. लष्करी हिशोबाने हल्लेखोर हरले: त्यांची प्रचंड माणसं मेली, शहरं त्यांच्या हाती राहिली नाहीत. पण अमेरिकेतल्या दिवाणखान्यात दिसलं ते वकिलातीतलं रक्त. २७ फेब्रुवारीला सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट यांनी हे युद्ध कोंडीत अडकलंय, आता सन्मानाने वाटाघाटी कराव्यात, असं सांगितलं. ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे जिंकलेली लढाई टीव्हीने हरवली.

यातला पहिला भाग बरोबर आहे. टेट हा व्हिएतकाँगचा लष्करी पराभव होता आणि त्या वेळचं बरंच वार्तांकन घाईचं होतं. पण टेटच्या आधीच, १९६७ च्या ऑक्टोबरात, गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत युद्धात उतरणं चूक होती म्हणणारे ती चूक नव्हती म्हणणाऱ्यांच्या पुढे गेले होते. अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या इतिहासकारांनी नंतर या प्रकरणाचा अभ्यास केला तेव्हा निष्कर्ष आला की पाठिंबा आटला तो मृतांचा आकडा वाढत गेल्याने. अठ्ठावन्न हजारांवर शवपेट्या घरी आल्या. त्यासाठी क्रॉन्काइटची गरज नव्हती. शिवाय व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड आदल्याच नोव्हेंबरात, शेवट आता दृष्टिपथात आलाय, अशा थाटाचं सांगून गेले होते. लोकांचा विश्वास तिथे उडाला.

तरीही हा समज टिकला आणि त्याने धोरण घडवलं. १९८३ मध्ये रेगन यांनी ग्रेनाडावर सैन्य उतरवलं तेव्हा पहिले दोन दिवस पत्रकारांना बेटावर पाऊल ठेवू दिलं नाही. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांना गटागटाने, लष्कराच्या देखरेखीखाली नेलं. २००३ च्या इराक युद्धात युक्ती बदलली: सहाशेवर पत्रकार थेट सैन्याच्या तुकड्यांसोबतच ठेवले. रणगाड्यात बसून, त्याच जवानांबरोबर जेवून-झोपून लिहिलेली बातमी कशी येणार हे सांगायला नको.

या भांडणाचा भारताशी कधी संबंध आला होता का?

आला होता, आणि जुन्या पिढीला तो चांगला आठवेल. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध, आणि अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे. निक्सन यांचं सरकार जाहीरपणे सांगत होतं की आमचा भारताशी वैरभाव नाही. त्याच महिन्यात जॅक अँडरसन या स्तंभलेखकाने व्हाइट हाउसमधल्या गुप्त बैठकांची टिपणं छापायला सुरुवात केली. त्यात निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर अधिकाऱ्यांना सांगत होते की आपण भारताशी पुरेसं कडक वागत नाही म्हणून अध्यक्ष मला दर अर्ध्या तासाने फैलावर घेतात, त्यांना पाकिस्तानकडे झुकायचं आहे. अँडरसन यांना या लेखनासाठी १९७२ चा पुलित्झर हा पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार मिळाला.

ज्या पत्रकारितेला अ‍ॅग्न्यू शिव्या घालत होते, तिच्यामुळेच भारताशी काय खेळ चाललाय हे जगाला कळलं. आपल्याकडचे जे लोक ‘अमेरिकी मीडिया भारतद्वेष्टा’ हे पालुपद लावतात, त्यांनी हे प्रकरण अधूनमधून आठवावं.

पण तिकडचे पत्रकार खरोखरच डावीकडे झुकलेले असतात का?

हो. हे मान्य करायला डाव्यांना त्रास होतो, पण आकडे स्वच्छ आहेत. अमेरिकी पत्रकारांची पाहणी दर दहाएक वर्षांनी होते. १९७१ मध्ये स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे पत्रकार सुमारे २६ टक्के होते. २०२२ मध्ये ते ३.४ टक्क्यांवर आले. डेमोक्रॅट म्हणवणारे ३६ टक्के, आणि निम्म्याहून थोडे जास्त स्वतःला अपक्ष म्हणवतात. ज्या देशात निम्मे मतदार रिपब्लिकन पक्षाला मत देतात, तिथे बातमीच्या खोलीत तीस माणसांमागे एक रिपब्लिकन असेल तर गर्भपात, बंदुका, चर्च, लहान गाव यांबद्दलच्या बातम्यांत काहीतरी निसटणारच. मुद्दाम खोटं लिहायची गरजच पडत नाही. कुठला प्रश्न सुचतो आणि कुठला सुचतच नाही, तिथे खेळ होतो.

परिणामही दिसतो. १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकी लोकांना वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास होता. २०२४ मध्ये ३१ टक्के. रिपब्लिकनांपुरतं बोलायचं तर १२ टक्के.

एखादं नेमकं उदाहरण द्या, नुसते आकडे नकोत.

दोन देतो.

८ सप्टेंबर २००४. बुश विरुद्ध केरी, निवडणुकीला दोन महिने. सीबीएसवर निवेदक डॅन रादर यांनी काही कागद दाखवले: तरुण बुश टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये (राखीव हवाई दलात) असताना त्यांच्या वरिष्ठाने १९७२-७३ मध्ये लिहिलेली म्हणे ही टिपणं, बुश कामचुकारपणा करत होते असं सांगणारी. कार्यक्रम संपल्यावर काही तासांतच उजव्या संकेतस्थळांवर कुणीतरी शंका काढली, ही अक्षरं टंकलेखन यंत्राची वाटत नाहीत. त्या काळच्या साध्या टाइपरायटरवर ‘आय’ आणि ‘एम’ सारखीच जागा घेतात. इथे प्रत्येक अक्षर आपापल्या रुंदीचं होतं. आकड्यापुढचं ‘टीएच’ बारीक होऊन वर चढलेलं होतं. एका ब्लॉगरने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कुठलीही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मूळ कागदावर ठेवून पाहिला. ओळ ओळीवर बसली. सीबीएसने बारा दिवस किल्ला लढवला आणि २० सप्टेंबरला कबूल केलं की हे कागद अस्सल असल्याचं आपल्याला सिद्ध करता येत नाही. माफी मागितली गेली, काहींच्या नोकऱ्या गेल्या, मार्च २००५ मध्ये रादर निवेदकाच्या खुर्चीतून उठले. सीबीएसच्या कचेरीत कुणालाच हे दिसलं नाही? दिसलं असतं, पाहायची इच्छा असती तर. बुश यांना गार्डमध्ये वशिल्याने जागा मिळाली का, हा मूळ प्रश्न मात्र या धुरळ्यात कायमचा गाडला गेला.

दुसरं १४ ऑक्टोबर २०२० चं. ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने बायडन यांचे चिरंजीव हंटर यांच्या लॅपटॉपमधले ईमेल छापले. ट्विटरने ती लिंक टाकायलाच बंदी केली आणि वर्तमानपत्राचं खातंही गोठवलं. पाच दिवसांनी ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांचं पत्र आलं की यात रशियाच्या कारवायांच्या खुणा दिसतात; पुरावा आमच्याकडे नाही, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिलं होतं, पण ते कोण वाचतो! २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी त्यातले काही ईमेल तपासून ते अस्सल असल्याचं छापलं. २०२४ मध्ये तोच लॅपटॉप हंटर यांच्याविरुद्धच्या खटल्यात सरकारी वकिलांनी पुरावा म्हणून कोर्टात ठेवला. लॅपटॉपमुळे बायडन स्वतः भ्रष्ट ठरतात का? नाही, ते कधीच सिद्ध झालं नाही. पण बातमी दाबली गेली ही उजव्यांची तक्रार खरी आहे.

मग उजव्यांचं म्हणणं सरसकट मान्य करायचं?

इथे इराक आडवा येतो. माझ्या मते या संपूर्ण वादाची परीक्षा घ्यायची तर ती २००२ सालीच घ्यावी.

८ सप्टेंबर २००२, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी: सद्दाम हुसेन अ‍ॅल्युमिनियमच्या खास नळ्या मिळवायची खटपट करतोय, त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करायला लागतात. बातमीला आधार नाव न सांगणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचा. त्याच दिवशी सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी एनबीसीच्या चर्चेत बसले आणि म्हणाले, आज ‘टाइम्स’मध्ये आलंय. सीएनएनवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी त्याच दिवशी अणुस्फोटाच्या ढगाची भीती घातली. सरकारनेच पुरवलेली माहिती, वर्तमानपत्राचा शिक्का मारून, संध्याकाळच्या आत सरकारने स्वतःच्या बाजूने साक्षीला उभी केली. ऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांचं मत होतं की या नळ्या तोफखान्याच्या साध्या रॉकेटसाठी आहेत. ते बरोबर निघाले.

महिन्याभरात काँग्रेसने (तिकडच्या संसदेने) युद्धाची परवानगी दिली, प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत. ‘टाइम्स’ने मे २००४ मध्ये आपलं वार्तांकन हवं तितकं काटेकोर नव्हतं अशी संपादकीय टीप छापली, आतल्या दहाव्या पानावर.

आता विचारा: हे वर्तमानपत्र डावं होतं ना? मग आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या बातमीत ते रिपब्लिकन सरकारच्या कच्छपी कसं लागलं? कारण त्या दर्जाच्या पत्रकाराला मोठ्या साहेबाचा फोन यायला हवा असतो, आणि फोन येत राहायचा तर साहेबाला दुखवून चालत नाही. त्या काळात नाइट रिडर या कंपनीचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे दोन वार्ताहर सातत्याने शंका काढत होते. त्यांचे स्रोत खालच्या फळीतले होते, नळ्या आणि उपग्रहचित्रं प्रत्यक्ष पाहणारे. आणि त्यांच्या कंपनीचं न्यूयॉर्कमध्ये किंवा वॉशिंग्टनमध्ये एकही वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून त्यांचं लिखाण त्या दोन शहरांत फारसं कुणी वाचलं नाही.

म्हणजे अ‍ॅग्न्यू बरोबर होते! दोन शहरांतली, एकमेकांचं वाचणारी मूठभर माणसं खरोखरच चुकली. फक्त ती सरकारच्या बाजूने चुकली, आणि त्या वेळी उजवे टाळ्या वाजवत होते. शंका घेणाऱ्या पत्रकारांना देशद्रोही ठरवण्यात तेच आघाडीवर होते. आज ‘मीडियाने खोटं बोलून आपल्याला इराकमध्ये ढकललं’ हे वाक्य उजव्यांच्या पॉडकास्टवर रोज ऐकू येतं. वाक्य चूक नाही, फक्त त्यात स्वतःचं नाव गाळलेलं असतं.

सगळेच उजवे इराकच्या बाजूने होते?

नाही. प्रतिनिधीगृहात सहा रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं, त्यात टेक्सासचे रॉन पॉल होते. सिनेटमध्ये एकट्या लिंकन चेफी यांनी. आणि डे मॉइनचं भाषण लिहिणारे पॅट ब्युकॅनन? त्यांनी २००२ मध्ये ‘द अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे नियतकालिक काढलं ते या युद्धाला विरोध करण्यासाठीच. मार्च २००३ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने मुखपृष्ठलेखात अशा लोकांना राष्ट्रप्रेम नसलेले कॉन्झर्व्हेटिव्ह ठरवून जणू वाळीत टाकलं.

हा युद्धविरोधी प्रवाह जुना आहे. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्ध मत दिलं होतं. त्याआधी १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात पडू नये म्हणून ‘अमेरिका फर्स्ट’ समिती निघाली होती, आणि तिला काळिमाही आहे: तिचा सगळ्यात प्रसिद्ध वक्ता चार्ल्स लिंडबर्ग याने सप्टेंबर १९४१ च्या भाषणात ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकारबरोबर ज्यूंनाही देशाला युद्धात ओढणारे म्हटलं. ते भाषणही डे मॉइनमध्येच झालं होतं. त्या शहराला काय गुण आहे कोण जाणे.

ट्रम्प यांनी नेमकं काय बदललं?

१३ फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलायनातल्या वादविवादात त्यांनी प्रतिस्पर्धी इच्छुक आणि माजी अध्यक्ष बुश यांचे भाऊ जेब बुश यांच्या तोंडावर सांगितलं की इराक ही घोडचूक होती आणि शस्त्रांबद्दल खोटं सांगितलं गेलं. सभागृहाने हुर्यो उडवली. हे राज्य माजी सैनिकांचं, लष्करी तळांचं; पंडितांनी ठरवलं की आता हे संपले. आठवड्याने ट्रम्प तिथली प्राथमिक फेरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) जिंकले आणि जेब बुश त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. (२००२ मध्ये रेडिओवर विचारलं तेव्हा ट्रम्प यांनी इराकवरच्या हल्ल्याला हो, तसंच वाटतं, असा गुळमुळीत होकार दिला होता, ते सोडा.)

त्या रात्री कळलं की इराक-अफगाणिस्तानात ज्यांची पोरं गेली ती घरं पक्षाच्या पंडितांच्या बरोबर नव्हती. जे. डी. व्हान्स याच पिढीतले. ते मरीन म्हणून इराकला गेले होते, आणि तिथलं त्यांचं काम होतं लष्करासाठी बातम्या लिहिण्याचं. माध्यमांवर तुटून पडणारा उपाध्यक्ष कधीकाळी स्वतः युद्धवार्ताहर होता.

युक्रेन आणि इराण या प्रश्नांवर आता पक्षाची भूमिका काय?

एकच भूमिका नाही. २० एप्रिल २०२४ ला युक्रेनला सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत देणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर झालं. विरोधातली सगळीच्या सगळी ११२ मतं रिपब्लिकन. बाजूने १०१ रिपब्लिकन. सभापती माइक जॉन्सन याच पक्षाचे आणि त्यांनीच विधेयक मतदानाला आणलं.

जून २०२५ मध्ये इराणवरून तर घरातच जुंपली. उजवे मुलाखतकार टकर कार्लसन यांनी सिनेटर टेड क्रूझ यांची मुलाखत घेतली आणि विचारलं, ज्या देशातलं सरकार उलथायला निघालात त्याची लोकसंख्या किती? क्रूझ यांना सांगता आलं नाही. ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन हल्ल्याच्या विरोधात, रेडिओ निवेदक मार्क लेविन बाजूने, आणि दोघंही ट्रम्पभक्त. काही दिवसांत बी-२ विमानांनी फोर्दो आणि नतान्झ या इराणी अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि पक्षातले बहुतेक जण गुमान अध्यक्षांच्या मागे उभे राहिले. केंटकीचे टॉमस मॅसी यांच्यासारखे अपवाद विरळा. लगेच पुढचा अंक: लष्करी गुप्तचर विभागाचा प्राथमिक अंदाज सीएनएनने फोडला की इराणचा अणुकार्यक्रम काही महिनेच मागे गेला. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी पत्रकार परिषद घेऊन पत्रकारांनाच झापलं, तुम्हाला ट्रम्प यांचं यश बघवत नाही म्हणून. डे मॉइनपासून पटकथा फारशी बदललेली नाही.

युद्ध पुकारायचा अधिकार तर काँग्रेसचा आहे ना?

राज्यघटनेत आहे. काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते १९४२ मध्ये. १९७३ चा कायदा सांगतो की सैन्य पाठवल्यावर अध्यक्षाने ४८ तासांत कळवावं आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत थांबावं. निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तो केला गेला. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे अध्यक्ष तो वळसा घालून ओलांडतात आणि विरोधात बसलेला पक्ष तेवढ्यापुरता राज्यघटना हातात घेतो.

फॉक्स न्यूज म्हणजे उजव्यांचा तोडगा, बरोबर?

त्याआधी रेडिओ. १९४९ पासून एक नियम होता की वादग्रस्त विषयावर प्रसारकाने दोन्ही बाजू दाखवाव्यात. रेगन यांच्या काळात, १९८७ मध्ये, तो रद्द झाला आणि १९८८ मध्ये उजवे रेडिओ निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले. हा नियम डाव्यांचं हत्यार होता असं आज मानतात, पण फिलिस श्लाफ्लीसारख्या कट्टर उजव्या नेत्यांना तो हवा होता. तीन वाहिन्यांच्या जमान्यात आपली बाजू ऐकवायचा तोच एक हक्काचा रस्ता होता त्यांना.

फॉक्स १९९६ मध्ये आलं, रूपर्ट मर्डॉक यांचा पैसा आणि रॉजर एल्स यांचं डोकं. तोडगा चालला, आणि मग औषधाचं व्यसन झालं. २०२० च्या निवडणुकीच्या रात्री फॉक्सनेच सगळ्यांच्या आधी अ‍ॅरिझोना बायडन यांच्या पारड्यात टाकलं. अंदाज बरोबर ठरला, पण प्रेक्षक चिडून न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे वळायला लागले. मग मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याच्या गोष्टी पडद्यावर चालू राहिल्या. त्यावर आपला विश्वास नाही असं निवेदक खासगीत एकमेकांना लिहीत होते आणि ते सगळं कोर्टात उघड झालं. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने डॉमिनियन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून खटला मिटवला. सीबीएसला स्वतःच्या समजुतीने फसवलं, फॉक्सला गिऱ्हाइकाच्या भीतीने.

सत्ता हातात आल्यावर उजव्यांनी माध्यमांचं काय केलं?

जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. करदात्याच्या पैशावर एकाच कलाचं प्रसारण का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण झळ बसते ती अलास्कासारख्या ठिकाणच्या चिमुकल्या केंद्रांना, जिथे वादळाचा इशाराही त्याच रेडिओवर येतो. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी म्हणूनच विरोधात मत दिलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेंटॅगॉनने (अमेरिकी संरक्षण खात्याने) पत्रकारांना नव्या नियमांवर सही करायला सांगितलं. परवानगीशिवाय माहिती मिळवायची खटपट केली तर ओळखपत्र जाईल, असा त्याचा रोख होता. जवळपास सगळ्यांनी नकार दिला आणि आपली ओळखपत्रं जमा करून, खोकी उचलून इमारतीबाहेर पडले. नकार देणाऱ्यांत फॉक्स होतं. न्यूजमॅक्ससुद्धा होतं.

या सगळ्यात आपलं कुणी आहे का?

आहेत, आणि दोन टोकांना. दिनेश डिसूझा मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कॅथलिक घरातले. १९७८ मध्ये विद्यार्थी म्हणून अ‍ॅरिझोनाला गेले, रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलं आणि उजव्यांचे लाडके लेखक झाले. २०१४ मध्ये निवडणूक देणग्यांचा कायदा मोडल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला, २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. २०२० च्या निवडणुकीत मतपत्रिकांची हेराफेरी झाल्याचा दावा करणारा त्यांचा माहितीपट २०२४ मध्ये वितरक कंपनीने माफी मागून मागे घेतला.

दुसरं टोक श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मराठीत बोलणारे, मिशिगनमधून निवडून आलेले डेमोक्रॅट खासदार. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव मांडला. तो पुढे गेला नाही. त्यांच्याच पक्षाला त्यात रस नव्हता.

भारतीयांबद्दल उजव्यांचं मत काय आहे?

यावरही त्यांच्यात दुफळी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईत जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची एआय सल्लागार म्हणून निवड जाहीर झाली आणि एच-१बी व्हिसावरून भडका उडाला: मस्क आणि विवेक रामस्वामी एका बाजूला, बॅनन दुसऱ्या. त्या आठवड्यात भारतीयांना जे काही ऐकावं लागलं त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं, आणि हे व्हिसा सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीयांनाच मिळतात. पुण्यातून न्यू जर्सीला जायची तयारी करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने बॅनन जिंकले.

थेट त्यांचंच वाचायचं तर काय वाचावं?

‘वॉल स्ट्रीट जर्नल’ची संपादकीय पानं बाजारवादी उजव्यांसाठी; त्याच वर्तमानपत्राची बातम्यांची पानं वेगळी चालतात, इतकी की जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यांच्यावर खटला भरला. ‘नॅशनल रिव्ह्यू’ जुन्या घराण्याचं. युद्धविरोधी बाजू हवी तर ‘द अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह’. ट्रम्प यांच्याशी न पटलेल्यांचं ‘द डिस्पॅच’. एखादं युद्ध सुरू झालं की पहिल्या आठवड्यात या चारींचे अग्रलेख शेजारी शेजारी ठेवून वाचा. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा खूप कमी वेळ लागतो.